बुधाबाबांनी बुजवलेली भोकं

"खिडकी गळते म्हणून माणूस बोलवायचा? अरे, सत्तर पावसाळे काढले मी हरसूलच्या डोंगरात! कुडाच्या घरात! एक थेंब आत येऊ दिला नाय!"

बुधाबाबांनी ही घोषणा केली, तेव्हा गंगापूर रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीखाली तीन पातेली आणि एक डालड्याचा डबा मांडलेला होता. चौघेही आपापल्या सुरात वाजत होते.

मुलगा सोमनाथ पाटबंधारे खात्यात क्लार्क. अख्ख्या जिल्ह्याचं पाणी कागदावर अडवणारा हा माणूस चार दिवस स्वतःच्या खिडकीपुढे हात टेकून बसला होता.

खरं सांगायचं तर बाबांना खिडकीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता गावाकडे. भाताची रोपं हातभर झाली होती, आवणी म्हणजे रोपांची लावणी तोंडावर आली होती, आणि खाचरांत धाकटा भाऊ झिपरू एकटा! पण गेल्या साली बाबा बांधावरून घसरले, आणि सोमनाथने त्यांचं गावी जाणंच बंद केलं.

"बा, आता तुमच्याच्यानं काम होत नाही."

"होत नाय? ही खिडकी मी थांबवली तर?"

"तर आजच्या गाडीनं जा हरसूलला. मी स्वतः स्टँडवर सोडतो!" सोमनाथ हसला आणि ऑफिसला गेला.

बाबांनी आधी पिशवी भरली. मग खिडकी बघितली.

खिडकी होती ॲल्युमिनियमची, सरकती. काचा ज्या पन्हळीत सरकतात, त्या पन्हळीला बाहेरच्या अंगाला दोन बारीक भोकं! बाबा हर्षाने ओरडले, "उज्वला! ये पोरी, चोर सापडला! कारागिरानं भोकं बुजवलीच नाय!"

मग काय! मागच्या गोठ्यातून शेण आलं, कुंडीतली माती आली, पिठाचा कोंडा आला. सगळं मळून बाबांनी लोण्यासारखं मऊ केलं.

"बाबा! ती कणकेची परात आहे!" सून उज्वला किंचाळली.

"धुतली की परत परातच हाय ती."

भोकं बुजली. नेमका पाऊस थांबला होता, त्यामुळे गळतीही थांबली. बाबा खुर्चीत असे बसले, जणू धरणच बांधून आले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाई वर आल्या.

"बाबा, तुम्ही गळती थांबवता म्हणे? मग तुमच्या गॅलरीच्या त्या नळकांड्याचं बघा ना! धार थेट माझ्या तुळशीवर! बिचारी आडवी झाली."

"आत्ता बघतो!" बाबांनी नळकांड्यात जुना टॉवेल कोंबला, वरून शेणमाती थापली. वत्सलाबाई खाली जाऊन ओरडल्या, "एकदम बंद! हात आहे का जादू!"

आणि मग पाऊस आला. आषाढातला, तिरका, भिंतीवर चापट्या मारत येणारा.

पाच मिनिटांत खिडकीची पन्हळ काठोकाठ भरली आणि आत ओसंडली. ठिबकणं गेलं, धार लागली! पातेली कमी पडली, पिंप आलं.

"बाबा, हे वाढलं की हो!"

"शेवटचा जोर हाय," बाबा म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच पटेना. भोकं बुजवली तर पाणी वाढतं? असं कुठं असतं? त्यांनी आणखी लेप दिला. पाणी आणखी वाढलं. त्यांनी आतल्या बाजूनेही लेप दिला. आता खिडकी सरकेना, पण पाणी मात्र खुशाल सरकत होतं.

"बाबा, दाराखालून!" उज्वला ओरडली.

गॅलरीत घोटाभर पाणी उभं होतं आणि दाराच्या फटीतून पाहुण्यासारखं आत येत होतं. इथे मात्र बाबा डगमगले नाहीत. उभं पाणी बघितल्यावर त्यांच्या हातांना विचारावं लागत नसे. उरलेली शेणमाती, दोन गोणपाटं, सोमनाथच्या जुन्या पँटी असं सगळं बंद दाराला टेकवून त्यांनी आतून उंबऱ्यावर झकास बांध घातला. गॅलरीत पाणी गुडघ्याकडे चढू लागलं. बाबा दाराच्या काचेतून बघत राहिले. काय सुरेख पाणी होतं! रोपं असती तर...

तेवढ्यात जेवायला आलेल्या सोमनाथने गॅलरीत काय तुंबलंय ते बघायला घाईघाईत दार जोरात आत ओढलं.

बांध फुटला!

हॉलमधून सोमनाथच्या चपला निघाल्या, मागोमाग वर्तमानपत्र, मागोमाग डालड्याचा डबा. बाबांची भरलेली पिशवी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबली. सोमनाथने नळकांड्यातला टॉवेल उपसला, मग केरसुणीची काडी घेऊन खिडकीची दोन्ही भोकं मोकळी केली. घळघळ करत सगळं पाणी बाहेर गेलं. खिडकी गप्प!

"बा! ती भोकं पाणी बाहेर जायलाच ठेवलेली असतात!"

बाबा बघतच राहिले. "मग आधी का गळत होती?"

"धुळीनं तुंबली असतील."

"म्हणजे काडी घालायची होती नुसती?"

"हो!"

"तुला ठाऊक होतं?"

सोमनाथ काडीकडे बघू लागला.

उज्वला मात्र सोमनाथकडे बघत होती. "चार दिवस!" ती म्हणाली. "चार दिवस मी पातेली उपसतेय, आणि तुम्हाला एक काडी जड झाली?"

"अगं, पण पैज तर बा हरले ना? आता गावाला जाणं—"

"पैज गेली खड्ड्यात! आजच्या गाडीनं सोडून या त्यांना. उद्यापर्यंत राहिले तर बाथरूमची मोरी बुजवतील!"

तीनच्या एसटीत बुधाबाबा ओल्या पिशवीसकट बसले. गावी जायला मिळालं याचा आनंद मानावा, की ज्या कारणाने मिळालं त्याची लाज धरावी, हे काही त्यांना उमगेना. शेजारच्या खिडकीतून पाणी टपटप त्यांच्या खांद्यावर पडत होतं.

"बाबा, फटीत कागद कोंबा की," कंडक्टर म्हणाला.

बाबांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरले.

"नको रे बाबा! येतंय ते येऊ दे!"