तेजूच्या यानाला बाबाजीचं मीठ

"बघाच आता! आपल्या खड्या मिठावर यान उडणार!" बाबाजीनं कोकिळेच्या दुकानात छाती ठोकून सांगितलं.

वडखळच्या पुढं, खाडीकाठी त्याचं मिठागर. बायको देवाघरी, लेक तेजस्वी पुण्याच्या प्रयोगशाळेत. घरात बोलायला कोण? भिंती! तेजूचा फोन रविवारी, तोही चहा उतू जायच्या आत संपणारा. गेल्या रविवारी मात्र ती खुलली होती.

"बाबा, अवकाशयानाला झेनॉन नावाचा वायू लागतो. लय महाग! म्हणून आम्ही त्याच्या जागी आयोडीन घालून बघतोय. आयोडीन तापवायचं, त्याचा प्लाझ्मा करायचा, मागं फेकायचा. यान पुढं!"

प्लाझ्मा बाबाजीच्या डोक्यावरून गेला. आयोडीन मात्र नेमकं आत घुसलं. मिठाच्या पुडीवर छापलेलं असतं की! आयोडीन म्हंजे मीठ. आणि मीठ म्हंजे बाबाजी!

"काका, आधी पोरीला इचारा तरी," कोकिळा म्हणाली.

"मिठातलं मला शिकवतेस व्हय गं? चाळीस वर्सं मिठात पाय भिजवलेत!"

दुसऱ्या दिवशी पन्नास किलोचं पोतं पुण्याच्या एसटीत चढलं. कंडक्टर हर्षद ओळखीचा. "प्रयोगशाळेच्या गेटवर टाक. तेजूचं नाव सांग, बस!"

संध्याकाळी फोन वाजला. रविवार नसताना! पण खाडीवर वारा असा सुटलेला, की फोनात तेजू कमी नि वाराच जास्त.

"बाबा, काय करून ठेवलंस हे! ...गेटवर पांढरं काहीतरी... पोलीस बोलावले... साहेब भडकलेत... परत... उद्या हर्षददादाच्या गाडीनं... घ्यायला ये!"

फोन कट.

पोरीची नोकरी गेली! आपल्यापायी! वाईट वाटून घ्यावं म्हणून त्यानं तोंड पाडलं, पण ते मेलं हसायलाच लागलं. तेजू घरी येतेय!

मग काय विचारता! खाट झटकली, चादर बदलली. भल्या सकाळी खाडीवरून हातभर जिताडा मासा आणला, धांदलीत कालवण शिजवलं, लग्नातला शर्ट चढवला आणि तासभर आधीच फाट्यावर जाऊन उभा!

गाडी आली. दार उघडलं. "काका, धरा!" हर्षद ओरडला.

पोतं उतरलं. पोत्यामागं कोणी नाही.

"अरे, अजून एकजण उतरायचंय ना?"

"कोण? चिठ्ठी हाय बघा पोत्याला." डबल बेल. गाडी गेली.

चिठ्ठीत तेजूचं अक्षर. 'बाबा, आपल्या मिठात आयोडीन नसतं. पुडीवाले ते वरून घालतात. साहेबांनी कसंबसं सांभाळून घेतलं. शिमग्याला येणार होते, पण आता सुट्टी मागायला तोंड राहिलं नाही.'

बाबाजीनं चिठ्ठी दोनदा वाचली. 'येणार होते' एवढंच तिसऱ्यांदा वाचलं.

पोतं घरात ढकलायला कोकिळेनं हात लावला. दोन ताटं वाढलेलीच होती, म्हणून तिलाच बसवलं. तिनं भात कालवला, घास घेतला, पोत्याकडं बघितलं.

"काका, राग नका मानू," ती म्हणाली. "कालवण अळणी झालंय!"