राजाने पहिल्याच प्रवेशात प्रधान मारला

"गोष्ट कागदावर नाही? मग मी पाठ काय करू?" टीव्हीवरचा नामांकित नट दामार अदिकुसुमो याने गाडीची काच चार बोटं खाली करून विचारलं.

"पाठ करायचं नसतं हो, ऐकायचं असतं," मंडळीच्या चालक सुमिनाहबाई म्हणाल्या. "दुपारी चटईवर बसायचं. मी गोष्ट ओतते, तुम्ही सगळ्यांबरोबर ऐका. बाकीचं रंगमंचावर आपोआप जमतं."

"मी चटईवर बसत नाही. हेंद्रीला पाठवतो," दामार म्हणाला आणि काच वर गेली. हेंद्री म्हणजे त्याचा व्यवस्थापक.

आमच्या जावातल्या केतोप्राकचं नाटक कुणी लिहीत नाही, ते खेळाआधी ओततात. कोण कुणाचा मुलगा, कोण फितूर, कुणी कधी मरायचं एवढं चालकाने सांगायचं. नटांनी ते डोक्यात धरायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं. नियम एकच, पण तो कडक. प्रेक्षकांसमोर जे बोललं ते घडलं, मागे घ्यायचं नाही. भाऊ म्हणालात तर भाऊ आणि मेला म्हणालात तर मेला. दामारला सवय मालिकांची. तिथे कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाक्य पुटपुटतं, तेच हा डोळे वटारून म्हणतो आणि चुकलं तर पुन्हा म्हणतो.

बाईंना त्याचे नखरे सोसणं भाग होतं. क्लातेनच्या बाजारामागचं मैदान वर्षानुवर्षं त्यांच्या मंडळीला मिळत आलं होतं, पण यंदा दांगदुत गाण्यांच्या एका ठेकेदाराचा त्यावर डोळा होता. तालुक्याचे मुख्य अधिकारी हरतोनोसाहेब यांनी तोडगा काढला होता. "रविवारचा खेळ मी स्वतः बघतो. लोक शेवटपर्यंत बसले तर मैदान तुमचं. मध्येच उठले तर गाणी." मैदान गेलं असतं तर तंबू गुंडाळून माणसं आपापल्या घरी धाडायची, एवढंच बाईंच्या हातात उरणार होतं. म्हणून त्यांनी मूळचा गावचाच, पण आता पक्का जकार्ताचा झालेला दामार पाहुणा राजा म्हणून बोलावला होता.

मंडळीत तसा आणखी एक नामांकित नट होता. विदूषक गिमान आजोबा. रेडिओच्या जमान्यापासून अख्खा मध्य जावा त्यांचं नाव ऐकूनच हसायला लागायचा आणि त्यांच्या नम्रतेची कीर्ती तर विनोदाहून मोठी होती. रंगमंच स्वतः झाडायचे, सगळ्यांच्या मागून जेवायचे. "मी कोण? पायपुसणं!" असं म्हणायचे आणि लांब बसलेल्यांनाही ऐकू गेलं ना, ते बघून घ्यायचे. सुराकार्ताचा एक विदूषक त्यांच्याहून साधा आहे असं एकदा कुणीतरी बोललं, तर आजोबांना त्या दिवशी घास गेला नाही.

दुपारी बाईंनी गोष्ट ओतली. "राजा रागीट आहे, पण प्रधान त्याला आवरतो. शेजारचा राजा चाल करून येतो आणि शेवटी प्रधानच राज्य वाचवतो." हेंद्री भिंतीला टेकून बसला होता. गरम हवा, गोड चहा आणि वर सोयाबीनचा तळलेला तेंपे. 'राजा रागीट आहे' इथपर्यंत तो जागा होता.

"काय म्हणाली म्हातारी?" दामारने विचारलं.

"तुम्ही रागावायचं," हेंद्री म्हणाला. "बस्स."

संध्याकाळचा नमाज झाला आणि तंबू गच्च भरला. पुढे खुर्च्यांवर हरतोनोसाहेब, त्यांची मंडळी आणि तो ठेकेदारही. मागे चटयांवर गाव. बाई पडद्याच्या कडेला लाकडी ठोकळा घेऊन उभ्या राहिल्या. त्या ठोकळ्यावर ठोकलं की वाद्यं सुरू होतात, थांबतात, प्रवेश बदलतात. दामार सिंहासनावर येऊन बसला आणि बायाबापड्यांनी नुसता कल्लोळ केला.

मग प्रधान झालेला वागियो आला. त्याने वाकून नमस्कार केला आणि रिवाजाप्रमाणे राजाची स्तुती सुरू केली. "महाराज, आपलं रूप बघून आमच्या कोंबड्यासुद्धा अंडी द्यायच्या थांबल्यात." तंबू खदखदून हसला.

दामारला हे सोसलं नाही. आपल्या समोर दुसऱ्याला हशा! शिवाय रागावायचं होतंच. तो ताडकन उठला. "गप्प बस! उडवा याचं मुंडकं!"

झांजवाल्याचा हात हवेतच राहिला. वागियोने बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मिटले आणि ठोकळ्यावर ठोकलं. बोललं ते घडलं. वागियो मेला, आणि इतका झोकात मेला की टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांनी दामारचं पित्त आणखीच खवळलं. घडी सावरायला सेनापती धावत आला, त्याने तोंड उघडायच्या आत "तू फितूर! हद्दपार हो!" म्हणून दामारने त्याला काढलं. राजकन्या आली. "बाबा, शांत व्हा ना!"

"तुझं लग्न शेजारच्या राजाशी लावून दिलं! नीघ आत्ताच्या आत्ता!"

पडद्यामागे नुसता गोंधळ उडाला. शेजारचा राजा तलवार कमरेला लावून बसला होता, तो तसाच बाईंकडे आला.

"बाई, आता मी चाल कशी करू? मी जावई झालो!"

"आणि मी मेलोय," तेंपे खात वागियो म्हणाला. "राज्य कोण वाचवणार?"

"माझं तर लग्न लागलंय," राजकन्या म्हणाली, "आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पूर्ण खेळाची गोष्ट पहिल्याच प्रवेशात संपली होती. रंगमंचावर दामार एकटा. हुकूम करायला कुणी नाही, पुढचं वाक्य पुटपुटायला कुणी नाही. वाद्यं तीच तीच चाल घोळवत होती.

"कोण आहे रे तिकडे?" तो ओरडला. कुणी आलं नाही. "कोण आहे?"

"कुणी नाही रे बाबा! तूच संपवलेस सगळे!" चटईवरून एक शेंगदाणेवाली ओरडली. लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मागे चपला शोधायची खसखस सुरू झाली. ठेकेदाराने साहेबांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. बाई गिमान आजोबांकडे वळल्या.

"आजोबा, तुम्ही जा."

"मी? मी कोण बाई, पायपुसणं..."

"पायपुसणंच हवंय! जा!"

आजोबा हातात झाडू घेऊन रंगमंचावर गेले आणि राजाच्या पायाखालची जमीन झाडू लागले.

"तू कोण?" दामार गुरकावला.

"प्रजा, महाराज. एवढीच उरलीय. जपून वापरा."

तंबूत हशा फुटला. चपलांची खसखस थांबली.

"तुलाही हद्दपार करीन!"

"करा की. पण मग 'महाराज' कोण म्हणणार? तुमचं तुम्हालाच म्हणावं लागेल. म्हणून बघा, घसा दुखतो." आजोबांनी झाडू पुढे केला. "बरं, पुढे काय करायचं महाराज? लढाई की जेवण?"

दामारने झाडूकडे बघितलं, मग समोरच्या अंधारातल्या चेहऱ्यांकडे बघितलं. पुन्हा घ्या म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. जे खरं होतं तेच त्याच्या तोंडातून बाहेर पडलं.

"आजोबा, मला माहीत नाही. मला पुढचं काहीच माहीत नाही."

मग शेंगदाणेवालीने पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, राजाला पश्चात्ताप झाला. पोरगं काय काम करतंय!"

आजोबांनीही क्षणभर काम विसरून त्याच्याकडे बघितलं. मग ते सावरले. "माहीत नाही असं राजा म्हणाला? महाराज, आपल्या राज्यात जुनी रीत आहे. राजाने हात जोडून माफी मागितली तर मारलेली माणसं उठतात."

ही रीत आजोबांनी त्याच घटकेला काढली होती. पण बोललं ते घडलं. दामार पडद्याकडे वळला आणि त्याने खरोखर हात जोडले. "प्रधानजी, चुकलं माझं. या."

वागियो तोंडातला तेंपे गिळत धावत आला. "आलो महाराज! मरण बरं होतं, पण जेवायला काही देत नाहीत." सेनापती परत आला. राजकन्या आली आणि बाप काही म्हणायच्या आत तिने जाहीर केलं, "नवरा मला पसंत नाही. मी युद्ध पुकारते!" तलवार लावून ताटकळलेला जावई आनंदाने किंचाळत रंगमंचावर शिरला आणि अशी लढाई झाली की तंबूचे खांब हलले. मध्ये मध्ये दामार वागियोला हळूच विचारायचा, "आता काय?" आणि वागियो मोठ्याने सांगायचा, म्हणजे लोकांनाही कळे. लोकांना तेच सगळ्यात आवडलं. एक माणूस जागचा हलला नाही.

राज्य वाचलं. बाई शेवटचं ठोकणार इतक्यात दामार सिंहासनावरून उतरला आणि आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

आजोबा चपापले. कुणी आपल्याहून खाली बसलंय हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते झटकन मांडी घालून बसले. दामार आणखी वाकला. आजोबांनी कोपरं टेकली.

"आजोबा, तुम्ही थोर आहात!"

"छे, मी पायपुसणं!"

"मी तर त्याखालची धूळ!"

"धूळ मी आधी म्हणणार होतो!" आजोबा कळवळून म्हणाले आणि सपशेल पालथे पडले. त्यांच्या शेजारी दामारही पालथा झाला.

आता आमच्याकडची रीत अशी की वडीलधारा जमिनीवर असताना दुसऱ्याने वर बसायचं नाही, आणि गिमान आजोबा तर अख्ख्या जिल्ह्याला वडील. प्रधान, सेनापती, राजकन्या गुडघ्यांवर आले. हरतोनोसाहेब खुर्चीवरून घसरून खाली बसले. त्यांच्या पत्नी बसल्या. ठेकेदाराने इकडेतिकडे बघितलं आणि निमूटपणे तोही बसला. मागे गावाने चटयांवर माना खाली घातल्या. पडदा ओढणाराही दोरी सोडून ओणवा झाला, त्यामुळे पडदा पडेना.

सबंध तंबूत उभ्या होत्या त्या एकट्या सुमिनाहबाई. मैदानासाठी, परवान्यासाठी, विजेसाठी दर वर्षी या दारी त्या दारी वाकून त्यांची कंबर गेली होती, आणि आता खालून साहेबांचा आवाज येत होता.

"बाई, मैदान तुमचं! यंदाही आणि पुढच्या सालीही! पण तेवढं ठोका आता. गुडघे गेले हो आमचे!"

बाईंनी ठोकायला हात उचलला. एकदा सगळ्या तंबूवरून सावकाश नजर फिरवली, आणि ठोकायची मुळीच घाई केली नाही.