थंडी पळू न देणारे कासमचाचा

कासमचाचा परकार कुणाच्याही घरात शिरले की आधी उदबत्ती पेटवतात. भक्तीचा यात संबंध नाही. पेटती काडी घेऊन ते थेट खिडकीशी जातात, चौकटीच्या कडेकडेने फिरवतात आणि धूर जरा वाकडा झाला की चोर सापडल्यासारखे ओरडतात, "पळाली! इथून थंडी पळाली!"

शारजात, अल मजाजला ते आमच्या समोरच राहतात. मूळचे रत्नागिरीचे. उभी हयात कोल्ड स्टोअरच्या भिंती नि पाइप फोममध्ये गुंडाळण्यात गेली. त्यांनी बंद केलेल्या खोलीत दुधाला विरजण लागायला पुढचा रमजान उजाडतो आणि आत वाजवलेली टाळी बाहेर यायला व्हिसा मागते. यातलं निम्मं मी स्वतः पाहिलंय. उरलेलं निम्मं इतक्यांना सांगितलंय, की आता तेही पाहिल्यासारखंच वाटतं.

गेल्या ऑगस्टात आमची मुलगी महिनाभर आधीच जन्मली. मूठभर जीव. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हिला उकाडा बिलकुल चालणार नाही." आणि आमची बेडरूम पश्चिमेची! दुपारी भिंतीला पापड लावला तर भाजून निघावा. एसी रेड्यासारखा डुरकायचा, पण खोली तिशीच्या खाली उतरत नव्हती. घरमालकाचं रोज एकच, "इन्शाल्ला, हबीबी."

मुलगी घरी यायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलातून नेहाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "खोली अशीच राहणार असेल तर हिचा पासपोर्ट झाला की मी पुण्याला आईकडे जाते. तू ये सुट्टीत."

मी समोरची बेल वाजवली.

चाचा उदबत्ती घेऊन आले. खोलीभर फिरले. "मिलिंद, ही खोली आहे की चाळण? एसी बिचारा काय करणार? यल्ला, शिडी आण!"

मग जे सुरू झालं त्याला युद्ध म्हणतात. फटीत फोम, कडांना सिलिकॉन, दाराखाली रबराची पट्टी, काचेला ऊन अडवणारी जाड शीट. चिकटपट्टीचे इतके रोल संपले, की खालच्या दुकानदाराने मला वाकून सलाम केला. गावी खोकी बांधून पाठवायची चाचांच्या हाताला जन्माची सवय. शेवटची पट्टी मारली आणि त्याच तंद्रीत त्यांनी मार्कर काढून खिडकीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'कासम परकार, जि. रत्नागिरी.'

"चाचा, खिडकी गावी पाठवताय?"

"आँ?" त्यांनी वाचलं, जीभ चावली. "राहू दे. सामान पोचतं तरी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुलगी आली. खोलीत चोवीस! नेहाने पर्स टाकली आणि चाचांच्या पायाच पडली. "पुणं कॅन्सल," ती म्हणाली. मला तर चाचांना उचलून नाचवावंसं वाटत होतं.

"बेटी, दहा मिनिटं बसू इथे?" चाचांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

खुर्ची ओढून ते पाळण्याशी बसले.

"माझा मुलगा रियाज एवढाच होता, इथे आणला तेव्हा. पत्र्याखालची खोली होती आमची. पोराच्या अंगभर पुरळ उठलं. तेवीस दिवसांत त्याला नि त्याच्या आईला परत पाठवलं. मग बोलावणं राहूनच गेलं. आता तो बत्तीसचा. फोनवर 'अब्बा, तब्येत कशी?' विचारतो, पुढे काय बोलावं दोघांनाही कळत नाही."

नेहाने पाळणा त्यांच्याकडे जरा वळवला.

"त्याच महिन्यात एक कोल्ड स्टोअर केलं होतं मी," चाचा म्हणाले. "असं फिट, की आतली मासळी महिना महिना ताजी राहायची."

मुलीच्या पायावरचं दुपटं सरकलं होतं. चाचांनी दोन बोटांनी ते वर ओढलं आणि कडेने नीट दाबून बसवलं.