मेश्राम साहेबांचा मधला डबा

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत मेश्राम साहेबांकडे गेलात, तर आधी सुतळी ओलांडावी लागते. तिचं एक टोक डाव्या स्पीकरला, दुसरं उजव्याला, आणि मध्ये साहेब ती ताणून धरून उभे. दोन्ही बाजू सारख्या भरल्या की तिथं त्यांची खुर्ची बसते. फरशीवर खुर्चीच्या चारही पायांभोवती लाल टेप लावलेली आहे. कामवाली पुसायला आली की ओरडतात, "कुर्सी मत हिलाना! गानेवाली इधर-उधर हो जाएगी!"

साहेबांचं म्हणणं असं, की स्पीकरचे डबे दोन असले तरी गाणारी बाई दोन्हींत नसते. ती मधल्या, टीव्ही टांगलेल्या भिंतीपुढं उभी राहून गाते. "तबला डावीकडे, सारंगी उजवीकडे," ते बोट उगारून सांगतात, "पण माणूस मध्ये पाहिजे जी!"

साहेब मूळचे नागपूरचे. सरकारी कचेरीत फायली हलवून रिटायर झाले. वहिनी नातवाला सांभाळायला गुरुग्रामला मुलाकडे असतात, एक रविवार सोडून येतात. आल्या की लाल टेपवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून चालतात.

मी चौथीपर्यंत शिकलो. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाऊसची गाडी तीस वर्षं चालवली. मागं मोठमोठे साहेब बसले, पण गाडीचं दुखणं मलाच कळायचं. सुरू केली की सांगायचो, पट्टा ढिला आहे का बेअरिंग वाजतंय. मेकॅनिक उघडून बघायचा तर तेच निघायचं. शिक्षण नाही, पण कान आहे, असं मी कुणालाही तोंडावर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला पहिल्यांदा चहाला बोलावलं. ते खुर्चीत, मी डाव्या डब्याजवळच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर. गाणं लागलं. "डोळे मिटा. बाई कुठं आहे?"

मला तर बाई डाव्या डब्यात कोंबलेली ऐकू आली. उजवा डबा असून नसल्यासारखा. पण माझ्या आधी त्या मोढ्यावर दुसऱ्या मजल्यावरचे तिवारीजी बसायचे. लिफ्टमध्ये त्यांनीच मला सांगितलं होतं, "हमने तो साफ बोल दिया, भई, बाईं तरफ से आ रही है." त्यानंतर तिवारीजी साहेबांकडे दिसले नाहीत. मी काय ते समजलो. खरं बोललं की मोढा गेला. माझा मुलगा आणि सून आठशिवाय घरी येत नाहीत. संध्याकाळी सहा ते आठ काय असतं, ते माझं मला ठाऊक.

"मधोमध," मी म्हटलं.

"वा! कान आहे तुम्हाला!"

मग रोज तेच. रोज डोळे मिटायचे, रोज मधोमध म्हणायचं. आणि रोज जिना उतरताना एकच विचार. कान गेला की काय माझा? मी पार्किंगमध्ये जाऊन गाड्या ऐकत उभा राहायचो. कुणाचा पट्टा किरकिरतोय ते बरोबर कळायचं. घड्याळ एकदा या कानाला, एकदा त्या कानाला लावायचो. टिकटिक दोन्हीकडे सारखी. मग बाईच तेवढी का सरकते? सून एकदा म्हणाली, "बाबा, घड्याळ बिघडलंय का? की ईएनटीला दाखवू या?"

"माझ्या कानाला काही झालेलं नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो, की तिनं दुसऱ्या दिवशीचीच अपॉइंटमेंट घेतली. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात साहेबांनी तिसरा डबा आणला आणि मध्ये, टीव्हीखाली मांडला. आता आणखी कुठली परीक्षा?

"बघा," साहेब म्हणाले, "बाई डाव्यातही आहे, उजव्यातही तेवढीच आहे. तबला एकीकडंच जास्त. दोन्ही एकत्र केले की बाई दुप्पट होते, बाकीचे मागं पडतात. ते मधून सोडायचं."

पहिल्या दिवशी त्यांनी दोन्हीकडच्या वायरी थेट एकत्र पिळल्या. जळका वास आला. गाण्यातली बाई घोगरी झाली आणि मग गप्पच. आठवडाभर साहेबांनी मला चहाला बोलावलं नाही. मग दोन्ही बाजूंना एकेक सारखाच रेझिस्टर लावला, मधल्या डब्याला वेगळा छोटा ॲम्प्लिफायर दिला, आणि मला बोलावणं आलं.

मी मोढ्यावर बसलो. साहेबांनी माझ्या डोळ्यांवर मफलर बांधला.

"बोट दाखवा. बाई कुठं आहे?"

बाई डाव्या डब्यातच होती. तिसरा डबा येऊनही डाव्यातच! म्हणजे माझा कान गेलाच. तरी टीव्हीच्या अंदाजानं मी मध्ये बोट रोखलं. "मधोमध."

साहेबांनी मफलर सोडला. "मधला डबा बंद आहे," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चौथी शिकलेल्याला फसवता? राहू द्या तुमची बाई!" मी चप्पल शोधायला लागलो.

"बसा हो. काहून चिडता? त्या मोढ्यावर आवाज डावीकडूनच येणार. जो डबा जवळ, तिकडं बाई जाते. दोन डब्यांत मधली जागा एकाच माणसाची असते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

म्हणजे कान शाबूत! मी परत मोढ्यावर बसलो. मग राग आला. "आणि तिवारीजींना हाकललंत ते?"

"कुणाला हाकललं नाही मी," साहेब सुतळी गुंडाळत म्हणाले. "ते खरं बोलले आणि यायचे बंद झाले. तुम्ही खोटं बोललात आणि रोज आलात. म्हटलं, या माणसाला खरंच मधोमध ऐकू आलं पाहिजे."

त्यांनी मधला डबा सुरू केला. मग आपल्या खुर्चीत न बसता स्टूल ओढून उजव्या भिंतीशी, माझ्या समोर बसले. लाल टेपमधली खुर्ची तशीच रिकामी. बाई डाव्या डब्यातून निघाली आणि टीव्हीखाली येऊन उभी राहिली. अगदी तिथंच. श्वास घेतलेला कळत होता.

"आता?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा निकाल लागायच्या आधीसारखा झाला होता.

या वेळी मधोमध हेच खरं होतं, आणि ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला तिवारीजी आठवले. मी मान जराशी कलती केली, पट्टा तपासताना करायचो तशी.

"जवळजवळ आली," मी म्हटलं. "केसभर डावीकडं आहे अजून."

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"आहे खरी," ते म्हणाले. "उद्या बघू मग. सहाला या."