खोली क्रमांक दोनशे चोवीस

दवाखान्याच्या बाकावर, भिंतीवरच्या लाल अक्षरांच्या बोर्डासमोर, आबा असा चेहरा करून बसले होते की जणू त्या बोर्डाची आणि त्यांची जन्मात कधी गाठ पडलेली नाही. खरं तर बोर्डाच्या पोटातला प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. कंपनीत सगळे तिशीच्या आतले आणि हे एकटे त्रेपन्नचे, म्हणून आबा. शेजारी त्यांची आई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण नजर अर्धीच परत आली होती, आणि आता डावाही गेल्यातच जमा होता. दोन महिने ती चहा कपाच्या शेजारी ओतत होती आणि कोणी बघायच्या आत फडक्याने पुसत होती. ही तपासणीची तारीख मिळायला चार महिने लागले होते. आज चुकली तर पुढची आणखी चार महिन्यांनी, आणि तोवर डॉक्टरांच्या भाषेत ‘सांगता येत नाही’. डॉक्टर लोक सांगता येत नाही म्हणतात तेव्हा त्यांना चांगलं सांगता येत असतं.

आजची रजा आबांना सरळ मिळाली नव्हती. ती त्यांनी विकत घेतली होती, आणि तीही एक सही देऊन.

गोष्ट साधी होती. बोर्डाच्या मेमरीत प्रत्येक पेशंटसाठी घरांची एक रांग असते. नावाला बत्तीस घरं. तेहतिसावं घर खोलीच्या क्रमांकाचं आणि चौतिसावं, घंटी किती वेळा वाजवायची त्याचं. अकरा वर्षांपूर्वी नावं इंग्रजीत यायची. इंग्रजी अक्षर एका घरात मावतं, त्यामुळे बत्तीस घरं म्हणजे बंगला होता. मग नावं मराठीत आली. आपलं अक्षर तीन घरं घेतं. त्यावर वेलांटी दिली की ती आपली वेगळी तीन घरं मागते. जोडाक्षर आलं तर पाहुणे बिऱ्हाडासकट आले समजायचं. दहा अक्षरांत बंगला भरायचा आणि प्रोग्राम पुढचं कापून टाकायचा, तेही अक्षराच्या मधोमध. मग नावाच्या शेवटी काळा चौकोन उमटायचा आणि त्यात प्रश्नचिन्ह. दवाखान्याने तक्रार केली की पेशंट विचारतात, माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह का, मला काय झालंय.

आबांनी कंपनीच्या मालकांकडे दोन आठवडे मागितले. कापायच्या आधी अक्षर पुरं झालंय का ते बघायला हवं, घरं वाढवायला हवीत, आणि एका जागी नव्हे, नाव जिथे जिथे जातं तिथे सगळीकडे. मालकांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. मालक एके काळी स्वतः प्रोग्राम लिहायचे, आणि असा माणूस कधीच न लिहिलेल्यापेक्षा जास्त घातक. त्यांनी स्वतः खुर्ची ओढली, कापणारी ओळ शोधली आणि ती पुसून टाकली. म्हणाले, कापायचंच नाही म्हटल्यावर तुटेल कसं. मग स्वतःचं नाव घालून बघितलं. मालकांचं नाव दोन अक्षरी, आडनाव तीन. अगदी सुरेख दिसलं.

आबांना दिसत होतं की कापलं नाही तर नाव शेजारच्या घरात सांडणार. ते तोंड उघडणार तेवढ्यात मालक म्हणाले, “आबा, तुमचा रजेचा अर्ज आहे ना माझ्याकडे? मंगळवारचा? हे तपासलं म्हणून सही करा, मी त्यावर करतो.”

आबा दमलेले होते. एक दिवसाचं नव्हे, अकरा वर्षांचं दमणं. त्यांनी सही केली आणि मनाची समजूत घातली की इतकी लांब नावं असतात तरी कोणाची.

सगळ्यांचीच असतात.

साडेनऊपर्यंत नशीब बरं होतं. तोकड्या नावांची माणसं येत होती, घंटी दोनदा वाजत होती, माणसं आपापल्या खोलीत जात होती. मग एका भारदस्त आडनावाच्या गृहस्थांचं नाव लागलं. पूर्ण लागलं, एकही अक्षर न तुटता. खाली आलं: खोली १६४. आणि घंटी वाजू लागली ती थांबेचना.

त्या दवाखान्यात खोल्या अकरा होत्या.

आबांनी डोळे मिटले. त्यांना आकडेमोड करायची गरजच नव्हती. यंत्राला अक्षर म्हणजे नुसते आकडे, आणि मराठी अक्षराच्या तीन तुकड्यांतला मधला तुकडा म्हणजे बहुतेक वेळा एकशे चौसष्ट, नाहीतर एकशे पासष्ट. तो खोलीच्या घरात जाऊन बसला होता, आणि त्याच्यामागचा तुकडा घंटीच्या. नाव आणि आडनाव एवढंच असलेली माणसं १६४ किंवा १६५ मध्ये जाणार. मध्ये वडिलांचं नाव असलं की एक मोकळी जागा वाढते, सगळं एक घर सरकतं आणि अक्षराचा पहिला तुकडा खोलीच्या घरात येतो. तो २२४.

आईचं नाव त्यांनी स्वतः फॉर्मवर लिहिलं होतं. कागदपत्रांप्रमाणे, नवऱ्याच्या नावासकट.

गृहस्थांनी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. बाईंनी मान वर न करता सांगितलं की बोर्डावर बघा. त्यांनी बोर्डावर बघितलं आणि दारावरच्या रखवालदाराला विचारलं. आता रखवालदाराला खोली १६४ ठाऊक नव्हती, पण ठाऊक नाही असं म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने सांगितलं, मागच्या बाजूला, जनरेटरच्या पलीकडे. नंतर २२४ वाल्या एक बाई आल्या तेव्हा त्याने त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, कारण दोनशेचा आकडा. तासाभरात जनरेटरपाशी सातजण आणि दुसऱ्या मजल्यावर चादरींच्या कोठीच्या कुलूपबंद दारासमोर नऊजण शिस्तीत उभे राहिले. त्यांच्यातला एक बाकीच्यांना सांगत होता की डॉक्टर आत राउंडला आहेत.

यातली खरी गोम वेगळीच होती. तीन मिनिटांत पेशंट आत गेला नाही की बोर्ड त्याला गैरहजर धरून पुढे सरके. हा नियम दवाखान्याने मागितला होता आणि आबांनी तो मोठ्या नेटकेपणाने लिहून दिला होता. अख्ख्या प्रोग्रामात तेवढाच भाग बिनचूक चालत होता.

“माझं नाव आलं का रे?” आईने विचारलं.

“येईल. तू उठून उभी राहा.”

“आलं नाही तर उभी कशाला राहू?”

तेवढ्यात आलंच. आईचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, सगळं झळझळीत, आणि खाली खोली २२४. घंटी सुरू झाली. ही आता एकशे चौसष्ट वेळा वाजणार, सेकंदाला एक. आबांनी आईचा दंड धरला आणि थेट चार नंबरकडे निघाले. डोळ्यांचे डॉक्टर चारमध्येच बसतात, हे त्यांना चिठ्ठीवरून माहीत होतं.

आई घाई करत नसे. दिसत होतं तेव्हाही केली नव्हती. चारच्या दारात पोचेपर्यंत चाळीस घंट्या झाल्या.

दारात शिपाई होता. त्याने बोर्डाकडे बघितलं, मग दारावरच्या आकड्याकडे, मग आबांकडे. “काका, तुमचं दोनशे चोवीस आहे. हे चार.”

आबांनी समजावलं की आकडा चुकीचा आहे. शिपाई म्हणाला, चुकीचा की बरोबर ते मला कळत नाही, बोर्डावर चार आलं की दार उघडायचं आणि आत गेल्याचं बटण दाबायचं, एवढंच मला सांगितलंय. गेल्या महिन्यात दया येऊन एकाला सोडलं तर मेमो मिळाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही प्रोग्राम कोणीतरी लिहिलेला होता.

सत्तर घंट्या झाल्या.

“अहो, हा बोर्ड मी बनवलाय,” आबा म्हणाले. “मीच. चूक माझी आहे. आईला सोडा आत.”

हे ते जरा मोठ्याने बोलले असावेत. बाकावरची सगळी तोंडं इकडे वळली. पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस २२४ शोधताना आपला नंबर चुकल्याचं मघापासून सगळ्यांना सांगत होता, तो कुबड्या टेकत पुढे आला.

“तुम्ही बनवलात?” तो म्हणाला. “मग या वयात असे उघडपणे फिरता कसे?”

घंटीच्या आवाजाने व्यवस्थापकही खोलीबाहेर आले. आबांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं की लांब नाव शेजारच्या घरात सांडतंय. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की लेखी द्या, मंगळवारी तक्रारी घेत नाही. आईला आत सोडायचा अधिकार आपल्याला नाही, तो बोर्डाला आहे, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

एकशे दहा. आई म्हणाली, “जाऊ दे रे. चार महिन्यांनी येऊ. सवय झालीय आता मला.”

ते ‘सवय झालीय’ आबांच्या फार वर्मी लागलं. यंत्राशी भांडता येत नाही, माणसांशी भांडून उपयोग नाही, हे त्यांना अकरा वर्षांत कळलं होतं. यंत्राची चूक दुरुस्त करायला वेळ नसेल तर जगच तिच्याप्रमाणे करायचं. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली, तिच्या पाठीवर पेनने ठळक लिहिलं: २२४. ड्रेसिंगचा ट्रे घेऊन जाणाऱ्या परिचारिकेकडून चिकटपट्टीचा तुकडा घेतला आणि कागद चारच्या आकड्यावर डकवला.

शिपायाने बोर्डाकडे बघितलं. मग दाराकडे. पुन्हा बोर्डाकडे. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, जसं फक्त नियम आणि सोय एका दारात भेटल्यावर येतं.

“हां, आता बरोबर,” म्हणाला, आणि दार उघडून त्याने बटण दाबलं. एकशे एकावन्नाव्या ठोक्याला घंटी बंद झाली.

आई पाऊण तास आत होती. पहिली दहा मिनिटं आबा भिंतीला टेकून नुसते श्वास घेत होते. मग जिन्यावरून पावलं वाजली. खोली २२४ सापडल्याची बातमी कोणीतरी दुसऱ्या मजल्यावर नेली होती. कोठीसमोरचे सगळे खाली उतरले आणि चारच्या दारापुढे रांगेत लागले: कानाचे दोघे, दाताचा एक, पाठीच्या बाई, त्वचेवाले, आणि सगळ्यात पुढे, बाकावरून उठून आलेला, कुबड्यांवर, तो प्लास्टरवाला. शिपाई एकेकाला बोर्डावर आलेला आकडा विचारून ताडून बघत होता आणि समाधानाने मान हलवत होता. दरम्यान रखवालदाराने जनरेटरवाल्यांसाठी सहा नंबरवर १६४ आणि नऊवर १६५ डकवून टाकलं होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चांगली युक्ती पसरायला हुकूम लागत नाही.

आबा व्यवस्थापकांकडे गेले. म्हणाले, शुक्रवारपर्यंत नीट करून देतो, रजा टाकून करतो, मालकांना विचारत बसत नाही. व्यवस्थापक दारात उभे राहून रांगांकडे बघत होते.

“नका करू,” ते म्हणाले. “सहा वर्षं मी इथे आहे. एवढी माणसं एका ओळीत उभी राहिलेली आज पहिल्यांदा बघतोय.”

“अहो, पण ती चुकीच्या डॉक्टरकडे उभी आहेत.”

“ते आत गेल्यावरचं झालं. बाहेरची जबाबदारी माझी.”

आई बाहेर आली. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. ऑपरेशन पुढच्या सोमवारी, डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने तारीख लिहून दिली होती, वेळेत आलात म्हणाले. आबांनी तो कागद तीनदा वाचला. आईने उघड्या डोळ्याने समोरच्या गर्दीचा धूसर ठिपका न्याहाळला.

“हे सगळे डोळ्यांचेच?”

“नाही. लांब नावांचे.”

“बिचारे,” आई म्हणाली.

मागे डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. त्यांनी रांग शेवटपर्यंत मोजली. मग प्लास्टरकडे बघून म्हणाले, “तुमचा पाय मोडलाय. माझ्याकडे काय काम?”

“चार तास झाले, डॉक्टर,” तो म्हणाला. “आता आलोच आहे तर काहीतरी बघा.”

डॉक्टर दमले होते. त्यांनी त्याला आत घेतलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. त्याला वरच्या दोन ओळींखालचं काहीच वाचता येईना. ज्यात पडून पाय मोडला तो रस्त्यातला खड्डा त्याला का दिसला नव्हता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर लिहून दिला. तो बाहेर आला आणि डोळे पुसत सगळ्यांना सांगू लागला की पाय दाखवायला आलो होतो, पण पायाचं मूळ डोळ्यात होतं, आणि ते बोर्डाने ओळखलं.

रांग आणखी सरळ झाली. व्यवस्थापक आबांकडे वळले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

“हे आतलं कसं कळतं हो त्याला?”

आबांनी सांगायला तोंड उघडलं. तीन तुकडे, बत्तीस घरं, शेजारी सांडलेलं नाव. मग त्यांनी आईचा हात धरला आणि म्हणाले, “अनुभव.”