आत्याचा भागाकार

आत्याला जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि तरी भर दुपारी ती आतल्या खोलीत आकडे म्हणत होती.

“शून्य पूर्णांक एक चार दोन आठ पाच सात, एक चार दोन आठ पाच सात…”

बायकोनं विचारलं होतं तरी काय? एक मीटर कापडाच्या सात सारख्या पट्ट्या! फोन चार्जिंगला, म्हणून त्यानं कपाटातला आत्याचा बोलका कॅल्क्युलेटर काढला. आत्या गणिताची बाई. म्हातारपणी दिसेनासं झालं, तेव्हा या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भाच्यानं तिच्याच आवाजात आकडे भरून तो करून दिला होता. आत्याची अट एकच: “मला मध्येच तोडायचं नाही. उत्तर पुरं झाल्याशिवाय बटण चालता कामा नये!” गुणी भाच्यानं ती पाळली होती.

“अहो, थांबवा ना!”

“थांबेल कसं? ज्यानं भागतो त्याच्या मूळ अवयवांत दोन आणि पाच सोडून तिसरं कुणी घुसलं की झालंच. एकदा येऊन गेलेली बाकी परत येते, मग तेच आकडे, तेच चक्र. सातला शेवट नाही गं!”

“मला शिकवू नका, गप्प करा त्यांना!”

त्यानं यंत्र गोधडीत गुंडाळलं. आता आवाज जमिनीखालून आल्यासारखा येऊ लागला. न्हाणीघरात ठेवलं, तर तिथं चार आत्या झाल्या. ना धाप, ना खोकला. शेजारीण दारातून डोकावली. “आत्या बऱ्या झाल्या वाटतं?” म्हणाली, मग तिला आठवलं, आणि एक चप्पल इथंच टाकून ती पळाली.

बायकोनं बॅग भरायला घेतली. “एकतर त्या राहतील नाहीतर मी. माहेरी चालले!”

ही गेली तर घरात तो आणि तो आवाज! शेवटी त्यानं यंत्र उघडून वायर कापली. कापताना वाटलं, जणू आत्याचा गळाच धरलाय.

घर एकदम गप्प झालं. इतकं, की बायको बॅगेची चेन अर्धी लावून तशीच बसली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “जोडा ती वायर.”

“काय?”

“किती दिवसांनी घरात त्यांचा आवाज आला हो. मी उगाच घाबरले. सातनं नको. आठनं भागा, त्यात दोनाशिवाय कुणी नाही. तेवढंच बोलतील नि थांबतील.”

त्यानं कथलाचा डाग देऊन वायर जोडली, बटणं दाबली.

“शून्य पूर्णांक एक दोन पाच.”

आत्या थांबली. बायकोनं डोळे पुसले. तोही हसला आणि बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात यंत्रातून खाकरल्याचा आवाज आला.

“शाब्बास. बॅग जागेवर ठेव.”

“हे कधी भरलंत हो तुम्ही?” बायकोनं विचारलं.

“मी नाही.” त्यानं शून्य ते नऊ आणि ‘पूर्णांक’ याखेरीज काहीच भरलं नव्हतं.

बायको उठली आणि कपडे कपाटात लावू लागली.