आजोबा दुसऱ्या प्रकरणात वारतात

वाचक मंडळाचा नियम अध्यक्षीणबाईंनीच केला होता : पुस्तक न वाचता जो येईल, त्याचं नाव मंडळातून कमी. आणि ऐकलेलं पुस्तक वाचनात धरायचं नाही. "उद्या म्हणाल, नुसता वास घेतला तरी वाचल्यासारखंच!"

नियम मुळावर आला तो त्यांच्याच नवऱ्याच्या. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवाला म्हणत. दिवसभर दोन्ही हात मेणात. पुस्तक धरणार कशाने? पण मंडळावर त्याचा फार जीव. महिन्यातून एकदा दात सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलायला मिळायचं.

म्हणून या खेपेची जाडजूड कादंबरी त्याने बायकोच्या चोरून, काम करता करता मोबाइलवर ऐकली. बैठकीला खुद्द लेखक येणार होते, म्हणून एकही प्रकरण सोडलं नाही. फक्त गाणी क्रम मोडून उलटसुलट लावायचं बटण चालूच राहिलं होतं, आणि प्रकरणंही तशीच वाजली, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बैठक त्यांच्याच घरी भरली. "सुरुवात कोण करतंय?" बाईंनी विचारलं. सगळ्यांनी कपात तोंड घातलं. कवळीवाला मात्र हौसेने उठला.

"काय धाडस आहे हो! आजोबा दुसऱ्या प्रकरणात वारतात, आणि पाचव्यात नातीला सायकल शिकवतात. काळाच्या पार चिंधड्या!"

"अगदी! मी हेच म्हणणार होतो," निवृत्त न्यायाधीश म्हणाले.

"हल्लीच्या कादंबऱ्यांचं हेच खूळ," ग्रंथपालबाई उसळल्या. "म्हाताऱ्याला सुखाने मरूही देत नाहीत!"

"वाचकाने जरा डोकं चालवलं तर काय झिजतं का?" न्यायाधीशांनी सुनावलं.

बघता बघता दोन तट पडले. आवाज चढले. तेव्हा लेखक हळूच म्हणाले, "अहो, आजोबा शेवटच्या प्रकरणात वारतात. मी सगळं सरळच लिहिलंय."

न्यायाधीशांना ठसका लागला. बाई नवऱ्याकडे वळल्या. "खरं सांग, पुस्तक उघडलंस तरी का?"

"उघडलं नाही. ऐकलं. पण सगळं ऐकलं गं!" त्याने मोबाइल पुढे केला. आता आपलं नाव कटणार, तेही बायकोच्या हातून!

लेखकांनी मोबाइल पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. "बाई, यांना काढू नका. माझ्या कादंबरीवर परिसंवाद ढीगभर झाले, पण शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला. जरा लवकर पोचला, एवढंच. नियमच लावायचा तर बाकीच्यांचं काय ते बघा."

बाकीचे छताकडे बघू लागले. ऐकलेलंही वाचनात धरावं, असा ठराव तिथल्या तिथे आला आणि एकमताने पास झाला. पहिला हात अध्यक्षीणबाईंचा होता. कवळीवाल्याच्या जीवात जीव आला. त्याने गार झालेला चहासुद्धा आवडीने प्यायला.

पाहुणे गेल्यावर कप विसळता विसळता बाईंनी आवाज बारीक केला. "अरे, शेवट कसा आहे रे? फार वाईट आहे का?"

"फार वाईट गं," तो म्हणाला. "मला तर सुरुवातीलाच रडू आलं."